श्वासाची शिदोरी

(उपवासकाळानिमित्त अभ्यासलेख : तरुणांची फुफ्फुसे आणि आपला आहार)



राखेचा बुधवार जवळ आला की दरवर्षी या पत्रिकेत मी उपवासावर चार शब्द लिहितो. यंदाही लिहिणार आहे, पण सुरुवात मात्र भरल्या ताटापासून करणार आहे. त्याला कारण घडले आहे.

आपल्या धर्मग्रामातील एका चोवीस वर्षांच्या तरुणाची ही हकीकत. त्याची व त्याच्या आईची परवानगी घेऊन, नाव न घालता सांगतो. पहाटेची लोकल पकडायची, दिवसभर गोदामात खोकी चढवायची-उतरवायची, रात्री नऊच्या पुढे घरी यायचे, हा त्याचा दिनक्रम. सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, आणि रात्री दमून भूक मेलेली. मागच्या उपवासकाळात त्याने चाळीस दिवस एकच वेळ जेवण्याचा नेम केला. मला त्याचे फार कौतुक वाटले. युवक-युवतींच्या मेळाव्यात मी त्याचे उदाहरणही दिले. त्याच मेळाव्यात तो मागच्या बाकावर बसून खोकत होता. तो खोकला मी ऐकला आणि सोडून दिला.

ईस्टरनंतर महिन्याभराने त्याच्या आईने मला घरी बोलावले. क्षयरोगाचे निदान झाले होते. वजन त्रेचाळीस किलो. आईचा पहिला प्रश्न होता, "फादर, लोकांना कळणार नाही ना?" मुलाने मात्र वेगळेच विचारले, "फादर, हे उपवासामुळे झालं का?"

त्या दिवशी मी काहीतरी सांत्वनपर बोललो आणि प्रार्थना करून निघालो. पण प्रश्न माझ्या मागे लागला. गेले काही महिने मी या विषयावर वाचन केले, डॉक्टरांशी बोललो. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवत आहे. मी डॉक्टर नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी औषध सुरू करू नये आणि बंदही करू नये.

१. श्वास : तारुण्यात साठणारी ठेव

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देव मातीपासून माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, तेव्हा तो माणूस जिवंत होतो. हिब्रू भाषेत 'रुआह' या एकाच शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ होतात. पुनरुत्थित प्रभूनेही बंद दाराआड बसलेल्या शिष्यांवर फुंकर घालूनच त्यांना पवित्र आत्मा दिला. श्वास ही आपल्या श्रद्धेत अशी पहिल्यापासून पवित्र गोष्ट आहे.

आता हा श्वास ज्या अवयवात घेतला जातो तो पाहा. निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो; म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास. तेवढ्यात सुमारे दहा हजार लिटर हवा आत-बाहेर होते. फुफ्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्याकडच्या साडेसातशे चौरस फुटांच्या घराची जमीन जेवढी, तेवढी. बाहेरच्या हवेला इतकी मोठी उघडी जागा शरीरात दुसरीकडे कुठेच नाही. कातडीसुद्धा याच्यापुढे लहान.

फुफ्फुसांची ताकद जन्मापासून वाढत जाते आणि साधारण २० ते २५ वर्षांच्या दरम्यान ती सर्वांत अधिक असते. मग काही वर्षे ती टिकते आणि तिशी-पस्तिशीनंतर हळूहळू उतरू लागते. पहिल्या एका सेकंदात माणूस जोराने जेवढी हवा बाहेर फुंकतो तिच्यावरून डॉक्टर ही ताकद मोजतात. निरोगी आणि धूम्रपान न करणाऱ्या माणसातही हा आकडा दर वर्षी वीस-तीस मिलिलिटरने कमी होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या अनेकांत तो अधिक वेगाने घसरतो.

बँकेतल्या ठेवीसारखे हे आहे. पंचविशीपर्यंत जमा करायचे आणि पुढे आयुष्यभर थोडेथोडे काढायचे. २०१५ साली तीन मोठ्या दीर्घकालीन पाहण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. उतारवयात ज्यांना 'सीओपीडी' हा दम लागण्याचा जुनाट विकार झाला, त्यांची जुनी मोजमापे तपासण्यात आली. त्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांची ठेव तरुणपणीच अपुरी असल्याचे आढळले. पुढे त्यांची फुफ्फुसे काही विशेष वेगाने खालावली नव्हती. मुळात जमाच कमी झालेली होती. म्हणून साठीतल्या दम्याच्या धापेची चर्चा विशीतल्या मुलामुलींबरोबर करायला हवी.

ठेव कमी पडण्याची कारणे अनेक : जन्मतः कमी वजन, लहानपणीचा न्यूमोनिया, घरातला चुलीचा व सिगारेटचा धूर, बाहेरची धूळ, आणि अपुरा किंवा चुकीचा आहार. यांतल्या आहाराचा संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण म्हणतो, अन्न पोटात जाते, त्याचा फुफ्फुसांशी काय संबंध?

संबंध निदान चार वाटांनी येतो. धूर, धूळ आणि जंतू यांच्यामुळे फुफ्फुसांच्या आतल्या नाजूक अस्तराची सतत झीज होत असते. तिला आवर घालणारे 'क' जीवनसत्त्वासारखे पदार्थ त्या अस्तरावरच्या ओलाव्यात असतात आणि ते अन्नातूनच येतात. दुसरी वाट स्नायूंची. श्वास ओढणारा मुख्य पडदा हा स्नायू आहे. माणूस उपाशी राहिला की दंडाप्रमाणे तोही झिजतो आणि खोकून कफ बाहेर टाकण्याचे बळ कमी होते. तिसरी वाट प्रतिकारशक्तीची. तिच्याबद्दल पुढे येईलच. चौथी वाट उलट्या दिशेची : पोटाचा घेर फार वाढला की तो याच पडद्याला खालून वर ढकलतो आणि फुफ्फुसांना फुगायला जागा कमी उरते. म्हणजे फार कमी खाणे आणि फार खाणे, दोन्ही श्वासाच्या मुळावर येते.

२. संबंध कसा ओळखावा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक धडा पक्का गिरवून घेतला होता. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिली तिचे कारण ठरत नाही. कोंबडा आरवतो आणि मग उजाडते. पण कोंबडे झाकून ठेवले म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, हे आपल्या वाडवडिलांनाही माहीत होते. आहाराविषयी रोज कानावर येणाऱ्या गोष्टी तपासताना हा धडा जवळ ठेवावा.

अमेरिकेत १९८५-८६ साली बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतील १८ ते ३० वर्षांच्या पाच हजारांहून अधिक तरुण-तरुणींची नावे एका पाहणीसाठी नोंदवण्यात आली. 'कार्डिया' हे तिचे नाव. ती मुळात हृदयविकारासाठी होती. त्या तरुणांच्या खाण्यापिण्याच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या गेल्या आणि पुढे अनेक दशके त्यांची तपासणी होत राहिली. यांतल्या धूम्रपान केलेल्या सुमारे सतराशे जणांवरचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीनंतर पंचवीस वर्षांनी, म्हणजे ही मंडळी पन्नाशीच्या आसपास आल्यावर, त्यांच्या छातीचे सीटी स्कॅन काढले होते. वायुकोशांच्या भिंती मोडून पोकळ्या पडण्याचा 'एम्फिसीमा' हा विकार कोणाला झाला आहे ते त्यात पाहिले. ज्यांच्या आहारात भाज्या, फळे, कडधान्ये, कोंड्यासकटची धान्ये सर्वांत अधिक होती, त्यांच्यात हा विकार असण्याची शक्यता असा आहार सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहून थोडी कमीच दिसली. ही मंडळी सगळीच शाकाहारी नव्हती. ताटात वनस्पतींचा वाटा मोठा होता, इतकेच.

वेल्समधील अडीच हजार मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला पाच किंवा अधिक सफरचंदे खाणाऱ्यांची फुंकण्याची ताकद सफरचंद न खाणाऱ्यांपेक्षा १३८ मिलिलिटरने जास्त भरली.

हे वाचून उद्या सकाळी सफरचंदांची पेटी आणू नका. भाजी-फळे खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त, सिगारेट कमी ओढतो, त्याच्याजवळ दोन पैसे अधिक असतात, घरही हवेशीर असते. मग फायदा फळाचा की या बाकीच्या गोष्टींचा? संशोधक हिशेब करून ही सरमिसळ वेगळी करण्याचा प्रयत्न करतात, परंतु ती पूर्ण वेगळी होत नाही. अशा पाहण्या एक दिशा दाखवतात, पुरावा पूर्ण करत नाहीत.

दानिएलची गोष्ट आठवते ना? बाबेलच्या राजवाड्यात राजाच्या ताटातले अन्न नाकारून त्याने व त्याच्या मित्रांनी दहा दिवस डाळी-भाजी आणि पाण्यावर राहायचे ठरवले. कारभाऱ्याला त्याने सांगितले की दहा दिवसांनी आमची तुलना राजान्न खाणाऱ्या इतर तरुणांशी करून पाहा. मुदत आणि तुलना, दोन्ही त्यात आहेत. आजचे वैद्यकशास्त्रही हेच करते. फक्त कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवते, म्हणजे सुखवस्तू एकीकडे आणि गरीब दुसरीकडे असे होत नाही.

३. गोळी आणि जेवण

अशी चाचणी केली की कधी कधी आपले तर्क उताणे पडतात. गाजर, पालक, पपई अशी पिवळी-नारिंगी फळे व हिरव्या भाज्या खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे पाहण्यांत दिसत होते. मग त्यांतला 'बीटा कॅरोटीन' हा घटक काढून त्याची गोळी दिली तर? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली आणि १९९४ साली निष्कर्ष आला. गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी १८ हजारांहून अधिक लोकांवर चालू होती. त्यांत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी काम केलेले लोक होते. तिथेही गोळी घेणाऱ्यांत कर्करोग २८ टक्के जास्त दिसला, तेव्हा जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्या मुदतीआधीच थांबवावी लागली.

गाजर चांगले होते. त्यातून वेगळा काढून भरमसाट दिलेला एक घटक धूम्रपान करणाऱ्यांना घातक ठरला. परमेश्वराने निर्माण केलेले फळ म्हणजे घटकांची नुसती बेरीज नव्हे. म्हणून आपल्या युवकांना माझे सांगणे आहे : व्यायामशाळेत कोणी दिलेला डबा, मोबाईलवर जाहिरात पाहून मागवलेल्या 'फुफ्फुस स्वच्छ करणाऱ्या' गोळ्या, यांवर पैसे घालवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि वर सांगितलेल्या २०२४ च्या अभ्यासाचा अर्थ 'भाजी खा आणि सिगारेट ओढा' असा कोणी लावू नये. त्या अभ्यासात चांगले खाणाऱ्यांतही विकार झालेले लोक होतेच. सिगारेट सोडण्याला पालकाची जुडी हा पर्याय होऊ शकत नाही.

४. रिकामे ताट आणि क्षयरोग

आता त्या तरुणाच्या प्रश्नाजवळ येऊ.

क्षयरोग जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी त्या जंतूचा शोध जाहीर केला; म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात. तो बहुतेक वेळा उपवासकाळातच येतो. परंतु हा जंतू शरीरात शिरलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. बहुतेकांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. पहारा ढिला पडला की तो उठतो, आणि पहारा ढिला पाडणाऱ्या कारणांत आपल्या देशात कुपोषणाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. तो गाठतो तेही बहुधा कमावत्या वयाच्या माणसांना. औषधाने जंतू मेला तरी फुफ्फुसांवर वण राहू शकतात, म्हणजे ठेवीतून एकदम मोठी रक्कम गेली.

चांगले अन्न दिल्याने हा आजार टळतो का? याची चाचणी आपल्याच देशात झाली. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना औषधांबरोबर शिधा मिळाला. घरातल्या इतर माणसांची मात्र चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. एका गटातील प्रत्येकाला दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटाला तो शिधा नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फुफ्फुसांच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले त्यांचा मृत्यूचा धोका पुष्कळ कमी झाला.

तांदूळ आणि डाळ! यात परदेशातून आणलेले काही नाही, महागडे काही नाही. आपल्या घरात जे रोज शिजते, तेच दुसऱ्याच्या घरात शिजले तर आजार निम्म्यावर येतो. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

त्या तरुणाला मी पुढच्या भेटीत उत्तर दिले. उपवासामुळे क्षय झाला असे म्हणता येणार नाही; एका माणसावरून कारण ठरत नाही आणि जंतू उपवासातून येत नाही. पण तू आधीच हडकलेला होतास, दिवसभर ओझी उचलत होतास आणि खोकत होतास. तुला उपवासाची नव्हे, जेवणाची आणि तपासणीची गरज होती. हे मला दिसायला हवे होते. तुझे कौतुक करण्याआधी मी तुझे वजन विचारायला हवे होते. ही चूक माझी.

त्याचे सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले आहे. वजन बावन्न किलोवर गेले आहे. घरच्यांची तपासणी झाली, सर्व ठीक आहेत. कामावरही तो पुन्हा जाऊ लागला आहे. आता सोबत डबा असतो.

५. आपल्या ताटात काय असावे?

आपण वसईकर भाग्यवान. जे खावे असे डॉक्टर सांगतात, त्यातले पुष्कळसे आपल्या वाडीत आणि आपल्या किनाऱ्यावर मिळते. सोयीसाठी काही मुद्दे मांडतो.

भाजी आणि फळ रोज. लाल माठ, पालक, मुळ्याचा पाला, शेवग्याची पाने आणि शेंगा, भोपळा, टोमॅटो. फळांत पेरू, पपई, केळी, चिकू. पेरूमध्ये 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते आणि तो सफरचंदापेक्षा स्वस्त. गाडीतून उतरल्यावर स्टेशनबाहेर एक हात वडापावकडे जातो. दुसरा पेरूकडे जाऊ द्या.

डाळ, उसळ, अंडे, दूध. वजन कमी असलेल्या मुलामुलींनी यांत हयगय करू नये. मूग-मटकीची उसळ, चणे, शेंगदाणे ही गरिबाघरचीही ताकद आहे.

मासे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत ओमेगा-३ नावाचा स्निग्ध पदार्थ भरपूर असतो. अमेरिकेतील प्रौढांच्या २०२३ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात हा पदार्थ अधिक होता त्यांची फुफ्फुसे थोड्या कमी वेगाने उतरत होती. हीसुद्धा पाहणीच आहे, चाचणी नव्हे. तरी बांगड्याला नको म्हणण्याचे कारण नाही. पापलेटच पाहिजे असा हट्ट नको.

खारवलेले, धुरवलेले मांस. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन हे सणासुदीला थोडे ठीक. असे मांस वारंवार खाणाऱ्यांत सीओपीडीचे प्रमाण अधिक दिसल्याचे अमेरिकेतील काही मोठ्या अभ्यासांत नोंदले आहे. ते टिकवण्यासाठी वापरतात त्या नायट्राइटवर संशय आहे. ताजे मांस शिजवून खाणे आणि रोज डब्यात सॉसेज देणे यांत फरक करावा.

थंड पेये, तळलेले, गाडीवरचे चायनीज. यांनी पोट भरते आणि घेर वाढतो, पण शरीराला हवे ते फारसे मिळत नाही. आठवड्यातून एकदा खाल्ले तर आकाश कोसळत नाही. रोजचे जेवण तेच झाले की प्रश्न येतो.

डबा. नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी मला यासारखे दुसरे औषध ठाऊक नाही. आणि तो फक्त आईनेच भरावा असा नियम कोठे लिहिलेला नाही. मुलगे आणि नवरेही पोळी लाटू शकतात.

६. दोन समजुती

दूध प्याल्याने कफ होतो असे बरेच जण मानतात. १९९० साली ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांना सर्दीचा विषाणू देऊन हे तपासले. जास्त दूध पिणाऱ्यांत शेंबूड-कफ जास्त झाला नाही. दुधामुळे तोंडात काही वेळ चिकटपणा जाणवतो, त्याला आपण कफ समजतो. सर्दी झाली म्हणून मुलाचे दूध तोडण्याआधी याचा विचार करा. मात्र कोणाला दुधाचे खरोखरच वावडे असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी समजूत गुळाची. सिमेंट, फरशी, लाकूडकाम यांत राबणारे आपले भाऊ संध्याकाळी गुळाचा खडा खातात, म्हणजे छातीतली धूळ निघून जाते असे सांगतात. गिळलेला गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. धूळ बसते ती श्वासनलिकेत आणि फुफ्फुसांत. गूळ खाण्यास हरकत नाही, परंतु त्याच्या भरवशावर नाकावरची पट्टी काढून ठेवू नका.

७. मग उपवासाचे काय?

ख्रिस्तसभेचा नियम पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पाहार घ्यायचा आहे. आजारी माणसाला यातून सूट आहे. संत थॉमस अक्वायनस उपवासाला सद्गुण म्हणतात, पण त्याच ठिकाणी असेही सांगतात की शरीर टिकवण्यास जे अन्न लागते ते तोडावे असे सुबुद्धी कधी सांगत नाही. औषध चालू असलेल्यांनी, गरोदर भगिनींनी, आणि ज्यांचे वजन फार कमी आहे त्यांनी उपवास करू नये. त्यांनी दुसरी तपश्चर्या निवडावी. सिगारेट किंवा गुटखा सोडणे ही चाळीस दिवसांची उत्तम तपश्चर्या आहे; एक्केचाळिसाव्या दिवशी ती पुन्हा सुरू करू नये, एवढेच.

पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग मला या वर्षी नव्याने दिसले. एलिया संदेष्टा थकून, मरण मागत झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा, कारण पुढची वाट लांबची होती. चाळीस दिवसांचा त्याचा प्रवास त्या जेवणानंतर सुरू झाला. आणि मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला मरणातून उठवतो. सारे थक्क झालेले असतात. त्या गोंधळात प्रभूला एक साधी गोष्ट आठवते : पोरीला काहीतरी खाऊ घाला, असे तो घरच्यांना सांगतो. चमत्कार त्याने केला; जेवण मात्र घरच्यांवर सोपवले.

ते जेवण आज आपल्यावर सोपवलेले आहे. यशया संदेष्ट्यानेही देवाला आवडणारा उपवास कोणता हे सांगताना भुकेल्याबरोबर भाकर वाटून घेण्याची गोष्ट केली आहे.

म्हणून यंदाच्या उपवासकाळासाठी एक सूचना मांडतो. प्रत्येक कुटुंबाने दर शुक्रवारी एक पदार्थ कमी करावा आणि त्याचे पैसे बाजूला ठेवावेत. त्यातून क्षयरोगावर उपचार घेणाऱ्या कुटुंबांना सहा महिने तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे आणि अंडी पोहोचवू. सरकारची 'निक्षय पोषण योजना' २०१८ पासून आहे; सुरुवातीला रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदवून संस्थांना व व्यक्तींना शिधा देण्याचीही सोय २०२२ पासून आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल संघटनेच्या सभासदांशी माझे बोलणे झाले आहे. शिधा कोणाच्या घरी गेला हे धर्मग्रामात कोणालाही कळणार नाही, हा माझा शब्द. मदत घेणारा आपल्या धर्माचा आहे की नाही हेही विचारले जाणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे, यांपैकी काही असेल तर खोकल्याच्या औषधाची बाटली बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि पुढचे औषध मोफत मिळते. एकट्याला जायची लाज वाटत असेल तर मला सांगा. मी बरोबर येईन. क्षयरोग हे पाप नाही, शापही नाही. त्या आईचा पहिला प्रश्न माझ्या कानात अजून आहे. आपल्या धर्मग्रामात तो प्रश्न पुन्हा कोणत्याही आईला विचारावा लागू नये.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आमच्या घरातील तरुण मुलगा-मुलगी दिवसभरात नेमके काय खातात, हे आम्हांला माहीत आहे का?

२. मार्क ५:२१-४३ एकत्र वाचा. आपल्या शेजारी 'खाऊ घालावे' अशी कोणती व्यक्ती आहे?

३. आमच्या घरात कोणी आजार लपवत असेल, तर तो का लपवावा लागतो?

४. या उपवासकाळात आमचे कुटुंब काय सोडणार, आणि त्यातून वाचलेले कोणाला देणार?

प्रार्थना

हे जीवनदात्या परमेश्वरा, आमचा श्वास तुझे दान आहे. आमच्या तरुणांची छाती बळकट ठेव. जे खोकत आहेत त्यांना लवकर उपचार मिळू दे, जे उपाशी आहेत त्यांना आमच्या ताटातला घास मिळू दे. आमचा उपवास आमच्या भावाच्या उपयोगी पडू दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताच्या द्वारे ही प्रार्थना ऐक. आमेन.

आपला,
धर्मगुरू